काकबळी आणि कायोटी

आपल्या डॉक्टरमंडळींच्या मासिक बैठकीत चहाच्या वेळी हल्ली एक प्रश्न हमखास कानी पडतो, "मग, यंदा अमेरिकेला कधी?" बेळगावातल्या कितीतरी घरांतील मुले-मुली तिकडे स्थिरावली आहेत. त्यांची मुले सांभाळायला, बाळंतपणाला किंवा नुसते डोळे भरून पाहायला आई-वडील सहा-सहा महिने जाऊन राहतात. बॅगेत कुंदा, मेतकूट, लसणीची चटणी असते; रक्तदाबाच्या गोळ्या, विम्याचे कागद असतात. थंडी, विमानतळ, औषधांची चिठ्ठी यांविषयी अनुभवी मंडळी सूचना करतात. एका गोष्टीविषयी मात्र आमच्या आईला कोणी सांगितले नव्हते आणि मलाही नाही. ती गोष्ट या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहे. तीत माझी स्वतःची एक मोठी चूक आहे, हेही आरंभीच सांगते.

माझी धाकटी बहीण शिकागोच्या पश्चिमेकडील नेपरव्हिल या उपनगरात राहते. सन २०२३ च्या जून महिन्यात आमची आई तिच्याकडे गेली. तेव्हा आईचे वय अठ्ठ्याहत्तर. वडील जाऊन तोवर सहा वर्षे झाली होती. रोज देवाला नैवेद्य दाखवला की दहीभाताची मूद आणि पोळीचा तुकडा कावळ्यासाठी बाहेर ठेवायचा, हा आईचा आजन्म नेम. बेळगावी आमच्या परसातल्या कट्ट्यावर ती ठेवत असे. नेपरव्हिलला तिने घरामागच्या हिरवळीच्या टोकाला, कुंपणाजवळ, एक सपाट दगड शोधून काढला. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, एक दिवसही न चुकता, त्या दगडावर अन्न ठेवले जात होते. दुसऱ्या दिवशी दगड स्वच्छ असे. आईला वाटे, परदेशातले कावळेही समजूतदार आहेत.

मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पोहोचले. पितृपंधरवडा चालू होता. एका संध्याकाळी, सव्वासहाच्या सुमारास, चार वर्षांची भाची आणि घरचा मोती यांना घेऊन फिरायला निघाले. मोती म्हणजे चार किलोंचा पांढराशुभ्र माल्टीज. त्याचा पट्टा हातातल्या डबीतून लांबच लांब सुटणारा होता आणि मोती माझ्यापुढे पंधरा फुटांवर बागडत होता. घरांच्या रांगेमागे पावसाचे पाणी साठवणारे तळे आहे, त्याच्या काठाने पुरुषभर उंच गवत. त्या गवतातून एक जनावर बाहेर आले आणि वाटेत उभे राहिले. करड्या-तांबूस रंगाचे, निमुळत्या तोंडाचे, मोठ्या कानांचे. ते गुरगुरले नाही. नुसते पाहत राहिले.

बालरोगतज्ज्ञ म्हणून सव्वीस वर्षे मी आयांना धीर धरायला सांगत आले आहे. त्या क्षणी माझ्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला, "पळ!"

भाची माझे बोट सोडून पळत सुटली आणि किंचाळली. त्या जनावराची नजर लगेच तिच्याकडे वळली. तेवढ्यात मोती भुंकत त्याच्या अंगावर गेला आणि दुसऱ्याच क्षणी त्याची पाठ त्या जबड्यात होती. मी पट्टा ओढत होते, काय ओरडत होते ते आठवत नाही. इतक्यात शेजारच्या घरातील वयस्कर गृहस्थ दोन्ही हात डोक्यावर उंचावून, घुमणाऱ्या आवाजात ओरडत, थेट त्या जनावराच्या दिशेने चालत आले. ते पळाले नाहीत, थांबलेही नाहीत. जनावराने मोतीला टाकले, दहा पावले मागे जाऊन पुन्हा वळून पाहिले. गृहस्थ आणखी पुढे झाले, तेव्हा ते गवतात दिसेनासे झाले.

धाप लागलेल्या त्या गृहस्थांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या. कायोटीसमोर कधीही पळायचे नसते. आणि हा कायोटी गेले दोन महिने तिन्हीसांजेला तुमच्या घरामागच्या दगडापाशी येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

हा प्राणी कोण?

पुढचे दोन आठवडे मी या प्राण्याविषयी मिळेल ते वाचून काढले. कायोटी हा आपल्या कोल्ह्याचा अमेरिकी भाऊबंद म्हणावा असा, पण त्याच्यापेक्षा थोराड; लांडग्याहून मात्र बराच लहान. वजन साधारण १० ते १६ किलो; हिवाळ्यातील दाट केसांमुळे तो दुप्पट मोठा भासतो. मेक्सिकोतील नहुआत्ल भाषेतील 'कोयोत्ल' या शब्दावरून त्याचे नाव आले. १८२३ साली त्याला मिळालेल्या 'कॅनिस लॅट्रान्स' या शास्त्रीय नावाचा अर्थ 'भुंकणारा कुत्रा'. रात्री दोन कायोटी सूर लावतात तेव्हा आठ-दहांचा कळप आल्यासारखे वाटते. खानापूरच्या रानाकडे ज्यांनी कोल्हेकुई ऐकली आहे, त्यांना या आवाजाची कल्पना सहज येईल.

मूळचा हा पश्चिमेकडच्या माळरानांचा रहिवासी. माणसाने लांडगे संपवले, जंगले तोडून शेते आणि उपनगरे वसवली, आणि मोकळ्या झालेल्या जागेत कायोटी पसरत गेला. त्याला मारण्यासाठी विष, सापळे, बंदुका, सगळे झाले. तरी आज तो अलास्कापासून पनामापर्यंत आढळतो. एका भागातले कायोटी मारले की शेजारचे येऊन ती जागा घेतात आणि उरलेल्या माद्यांना अधिक पिल्ले होतात. 'सगळे मारून टाका' हा उपाय म्हणूनच फसला.

शिकागो ज्या कुक काउंटीत आहे, तेथे २००० सालापासून ओहायो राज्य विद्यापीठाचे डॉ. स्टॅनली गेर्ट या प्राण्याचा अभ्यास करीत आहेत. एका वर्षासाठी योजलेले काम दोन दशकांहून अधिक चालले आणि हजाराहून अधिक कायोटी खुणा व रेडिओपट्टे लावून अभ्यासले गेले. या अभ्यासात तपासलेल्या चौदाशेहून अधिक विष्ठा-नमुन्यांपैकी ४२ टक्क्यांत उंदरांसारखे लहान कृंतक, २३ टक्क्यांत फळे, २२ टक्क्यांत हरीण, १८ टक्क्यांत ससे आढळले. पाळीव मांजराचे अवशेष केवळ एका टक्क्याच्या आसपास. शहरातला कायोटी मुख्यतः उंदरांवर जगतो आणि बहुधा माणसाला टाळतो. २००७ साली एक कायोटी भर दुपारी शिकागोच्या मध्यवस्तीतील सँडविचच्या दुकानात शिरला होता. त्याने कोणाला काही केले नाही. शीतपेयांच्या उघड्या कपाटात जाऊन तो निवांत बसून राहिला.

धोका किती, आणि कोणाला?

डॉक्टरांनी भीतीलाही मोजमाप लावावे. अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४५ लाख लोकांना कुत्रा चावतो, असा तेथील रोगनियंत्रण केंद्राचा जुना अंदाज आहे. त्या तुलनेत कायोटीचे चावे अगदी मोजके. माणसाचा मृत्यू झाल्याच्या दोनच घटना ठळकपणे नोंदल्या गेल्या आहेत : १९८१ साली कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथे तीन वर्षांची एक मुलगी आणि २००९ साली कॅनडातील केप ब्रेटनच्या राष्ट्रीय उद्यानात एकोणीस वर्षांची एक तरुण गायिका. जानेवारी २०२० मध्ये खुद्द शिकागोतील लिंकन पार्क भागात एका लहान मुलाला कायोटी चावला, तो बचावला.

पण आकडे लहान असले, तरी बळींपैकी मुले कोण, हे बालरोगतज्ज्ञाच्या नजरेतून सुटत नाही. लहान मूल उंचीने भक्ष्याएवढे असते, आवाज बारीक काढते, घाबरले की पळते. आणि पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा श्वानकुळातील प्रत्येक प्राण्याचा उपजत स्वभाव आहे. त्यामुळे जखमा डोके, चेहरा, मान येथे होण्याची शक्यता अधिक. लहान कुत्री आणि मोकळी मांजरे यांना धोका माणसापेक्षा कितीतरी जास्त. त्यातही माणसाने खाऊ घातलेला कायोटी सर्वांत वाईट. अन्न मिळते म्हणून तो येतो, पुन्हा पुन्हा येतो, माणसाची भीती विसरतो, आणि एके दिवशी अन्न मिळाले नाही की पुढे सरकतो. आमच्या घरामागे नेमके हेच घडले होते.

त्या रात्री काय केले

त्या संध्याकाळी डॉक्टर म्हणून माझे भान जागेवर आले ते घरात शिरल्यावर. भाचीचे गुडघे खरचटले होते. पळताना पडले, असे ती म्हणाली. तरीही तिला दिव्याखाली उभे करून, सगळे कपडे काढून, केसांच्या मुळांपासून तळव्यांपर्यंत तपासले. कुठेही दाताची खूण नव्हती, लाळ लागलेली नव्हती.

हे इतक्या काटेकोरपणे का केले, त्याला कारण आहे. निवासी डॉक्टर असताना माझ्या पाळीत सात वर्षांचा एक मुलगा आला होता. पाण्याचा पेला पुढे केला की त्याचा घसा आवळून येई, पंख्याचा वारा सोसवत नसे. दोन महिन्यांपूर्वी गल्लीतल्या पिल्लाने त्याला ओरखडले होते. पोटात चौदा इंजेक्शने घेतील या भीतीने त्याने घरी सांगितलेच नाही. त्याची आई शेवटपर्यंत एकच विचारत होती, "एवढ्याशा ओरखड्यानं?" तिला काय उत्तर द्यावे, ते मला तेव्हा सुचले नाही. आजही सुचत नाही. तेव्हापासून जनावराशी संबंध आलेले मूल मी तोंडी जबाबावर कधीच सोडत नाही. आणि प्रत्येक आईला सांगते : चावल्याबद्दल मुलाला रागावू नका, रागावलात, तर पुढच्या वेळी ते लपवील.

मोतीच्या पाठीवर दोन खोल जखमा होत्या. पशुवैद्यांनी त्या धुऊन टाके घातले, रेबीजची आधीची लस पूर्ण झालेली असूनही वर्धक मात्रा दिली आणि ४५ दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितले. मोती वाचला तो त्या लसीच्या वहीमुळे आणि शेजाऱ्यांच्या आवाजामुळे.

रेबीजविषयी येथे थोडे सांगणे अगत्याचे आहे. टेक्सासच्या दक्षिण भागात १९८८ पासून कायोटी आणि कुत्र्यांमध्ये रेबीजची साथ पसरली होती. १९९५ पासून विमानांतून लसयुक्त आमिषे टाकून ती आटोक्यात आणली गेली, आणि २००७ साली अमेरिका कुत्र्याकडून कुत्र्याकडे पसरणाऱ्या रेबीजपासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. तरीही वटवाघूळ, रॅकून, स्कंक यांच्यात तो रोग आहेच. इलिनॉयमध्ये तर मुख्य धोका वटवाघळांचा. झोपलेल्या बाळाच्या खोलीत वटवाघूळ सापडले, तर चाव्याची खूण दिसत नसली तरी डॉक्टरांना गाठावे; त्याचे दात इतके बारीक असतात की खूण उमटतेच असे नाही.

कोणत्याही वन्य सस्तन प्राण्याने चावले, तर पहिला उपचार बेळगावात आणि शिकागोत एकच : जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली, घड्याळ लावून पंधरा मिनिटे धुणे. हळद, चुना, तिखट, कॉफीपूड काहीही लावू नये. त्यानंतर विलंब न करता लस. त्वचा भेदली गेली असेल, तर जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन. पूर्वी लस न घेतलेल्या निरोगी व्यक्तीस अमेरिकेत ०, ३, ७ आणि १४ व्या दिवशी स्नायूत लस देतात. आपल्याकडे त्वचेत दिल्यास ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत दिल्यास १४ व्या दिवसाची आणखी एक मात्रा. प्रवासात वेळापत्रक अर्धवट राहू नये, म्हणून नोंदवही जवळ ठेवावी. पोटातली चौदा इंजेक्शने केव्हाच इतिहासजमा झाली आहेत, हेही मुलांना आवर्जून सांगावे.

घरी जाणाऱ्यांसाठी काही नियम

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, या न्यायाने आम्ही शिकलो ते येथे देते.

कायोटी समोर आला तर पळू नये, पाठ फिरवू नये. लहान मुलाला आणि लहान कुत्र्याला लगेच उचलून घ्यावे. वाकतानाही नजर त्याच्यावरच असावी. हात उंचावून आपण मोठे दिसावे, जाड आवाजात ओरडावे, टाळ्या वाजवाव्यात. नाण्यांनी भरलेला डबा, शिट्टी, पाण्याची नळी, सारे चालते. तो थोडे मागे जाऊन थांबला, तर आपण थांबू नये; तो पूर्ण निघून जाईपर्यंत आवाज चालू ठेवावा. अर्धवट हाकललेला कायोटी एवढेच शिकतो की ही माणसे थोडा वेळ ओरडतात आणि गप्प बसतात.

अपवाद एकच. एप्रिल-मेमध्ये पिल्ले होतात. त्यानंतर उन्हाळाभर बिळाजवळून जाणाऱ्या माणसाच्या, विशेषतः कुत्रा घेतलेल्या माणसाच्या, मागे कायोटी काही अंतर चालत येतो. तो हल्ला नसतो, 'येथून जा' एवढेच सांगणे असते. अशा वेळी त्याला डिवचू नये. मूल-कुत्रे जवळ घेऊन, तोंड त्याच्याकडे ठेवून, शांतपणे मागे सरावे आणि काही आठवडे ती वाट टाळावी.

कुत्र्याचा पट्टा सहा फुटांपेक्षा लांब नसावा; सुटत जाणारा पट्टा तर नकोच. पहाटे व तिन्हीसांजेला लहान कुत्र्याला अंगणातही एकटे सोडू नये, कुंपण असले तरी. कायोटी सहज उडी मारतो आणि खालून उकरतो. कुंपण घालायचेच, तर सहा फुटांचे, वरच्या कडेला फिरती नळी बसवलेले आणि खालून जमिनीत गेलेले असावे. मांजर घरातच ठेवावे. पाच-सहा वर्षांखालील मूल मागच्या अंगणात खेळत असेल, तर मोठे माणूस खिडकीत नव्हे, बाहेर हवे.

सर्वांत महत्त्वाचे, बाहेर अन्न नको. जनावरांचे ताट, गळलेली फळे, आदल्या रात्री बाहेर ठेवलेला कचऱ्याचा डबा, पक्ष्यांच्या दाण्यांखाली जमणारे उंदीर, हे सारे आमंत्रणच. अनेक गावांत वन्य प्राण्यांना खाऊ घालणे नियमबाह्यही आहे. दिवसा कायोटी दिसला म्हणजे तो पिसाळलेलाच, असे मात्र मुळीच नाही. पण केस झडलेला, लडखडणारा किंवा माणसाकडे निर्भयपणे चालत येणारा दिसल्यास गावच्या प्राणी-नियंत्रण कार्यालयाला फोन करावा.

बेळगावकरांना यातले काही अपरिचित नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या वावरत होता; आसपासच्या शाळा कित्येक दिवस बंद राहिल्या, शोधासाठी हत्ती आणले गेले, आणि बिबट्या हाती लागला नाही. त्या काळात माझ्या दवाखान्यात रात्री दचकून उठणारी मुले येत. 'काही होत नाही' म्हणून त्यांची भीती जात नसे. 'दिसला तर काय करायचे' हे नीट सांगितले की जाई. भाचीचेही तेच झाले. दोन दिवस ती दाराबाहेर पाऊल टाकेना. मग तिच्या वडिलांनी एका डब्यात नाणी भरून दिली आणि आम्ही दिवाणखान्यात खेळ मांडला. मी कायोटी, ती डबा वाजवणारी. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "मावशी, तू पळायचं नाहीस हं. मी आहे."

दगडावरचा भात

राहिली आई. दगडाची हकीकत तिला सांगणे माझ्याच वाट्याला आले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे एवढे दिवस मी त्याला जेवू घालत होते आणि तो आमच्याच पोरीवर..." वाक्य तिने पुरे केले नाही.

मी म्हटले, "आई, चूक तुझी नाही. आपल्या कट्ट्यावर जे पुण्य, ते इथल्या दगडावर संकट, हे तुला कोणी सांगितलं होतं? आणि पळ म्हणून ओरडले ती मी."

"ते खरं गं. पण सर्वपित्री तोंडावर आली. तुझ्या बाबांचं पान मी ठेवायचं तरी कुठं?"

डॉक्टरला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, पण याचे देता आले. सर्वपित्री अमावास्येला, १४ ऑक्टोबरच्या सकाळी, लख्ख उजेडात, घराला लागून असलेल्या लाकडी सज्जाच्या कठड्यावर आईने एका पानात भात, वडे, खीर असा घास ठेवला. अट एवढीच की घास संपेपर्यंत किंवा अर्धा तास होईपर्यंत तेथेच उभे राहायचे आणि उरलेले आत आणायचे. आई शाल पांघरून उभी राहिली, मी तिच्या शेजारी. समोरच्या मेपलवर एक कावळा येऊन बसला, मान तिरकी करून पाहू लागला. आईने हात जोडले. तेवढ्यात कठड्याच्या टोकाकडून एक खार आली, वडा दोन हातांत धरला आणि पसार झाली.

माझ्या काळजात धस्स झाले. आईकडे पाहिले, तर ती हसत होती.

"राहू दे," ती म्हणाली, "तुझ्या बाबांना नाहीतरी पंगतीत सगळेच लागायचे."

मग तिने पान उचलले, कठडा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसला आणि दार लावून घेतले.